पिढ्यांतील अंतर आणि परिचारिकांची भरती व टिकवणूक : उचगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

करवीर तालुक्यातील उचगाव हे पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गालगतचे, गांधीनगर बाजारपेठेच्या शेजारचे गाव आहे. कोल्हापूर शहर येथून हाकेच्या अंतरावर आहे. 'थोरला दवाखाना' म्हणून ओळखले जाणारे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि शहरातील असंख्य खाजगी रुग्णालये या परिसरातील परिचारिकांना काम देतात. अशा रुग्णालयांत निवृत्तीकडे झुकलेली परिसेविका आणि नुकतीच पदवी घेतलेली अधिपरिचारिका एकाच कक्षात काम करतात. दोघींच्या अपेक्षा मात्र भिन्न असतात. ही भिन्नता कशातून येते व तिचा भरतीवर काय परिणाम होतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

परिचर्येच्या व्यवसायाला महाराष्ट्रात प्रारंभी सामाजिक विरोधाला तोंड द्यावे लागले. परक्या पुरुषाची शुश्रूषा आणि रात्रीची पाळी या दोन्ही गोष्टी उच्चवर्णीय कुटुंबांना अमान्य होत्या. डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिरज येथील मिशन रुग्णालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिचारिका प्रशिक्षण सुरू केले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने, मुलींना ससून रुग्णालयात या शिक्षणासाठी पाठविले. म्हणजेच पहिल्या पिढीच्या भरतीचा प्रश्न प्रतिष्ठेचा होता. स्वातंत्र्योत्तर काळात शासकीय नोकरीने ही प्रतिष्ठा व सुरक्षितता दोन्ही मिळवून दिल्या.

पिढीची खरी सीमारेषा :

पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्रात पिढ्यांची विभागणी जन्मसालावरून केली जाते. १९४६ ते १९६४, १९६५ ते १९८०, १९८१ ते १९९६ आणि त्यापुढील, असे गट पाडून प्रत्येक गटाचा स्वभाव सांगितला जातो. महाराष्ट्रातील परिचारिकांना ही मोजपट्टी पुरेशी ठरत नाही. येथे पिढी जन्मतारखेपेक्षा नियुक्तिपत्रावरील तारखेने अधिक ठरते.

या दृष्टीने २००५ हे वर्ष निर्णायक आहे. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर दाखल झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारण्यात आली. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून कंत्राटी परिचारिकांचा मोठा वर्ग निर्माण झाला. परिणामी एकाच कामासाठी तीन प्रकारच्या सेवाशर्ती अस्तित्वात आल्या : जुन्या निवृत्तिवेतनासह कायम, त्याविना कायम आणि कंत्राटी. २०२२ मध्ये बाह्य संस्थेमार्फत पदे भरण्याच्या प्रस्तावाविरुद्ध राज्यातील परिचारिकांनी संप केला. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी झालेल्या राज्यव्यापी संपातही त्या सहभागी होत्या. त्यानंतर २०२४ मध्ये शासनाने सुधारित निवृत्तिवेतनाचा पर्याय जाहीर केला.

'नव्या मुली टिकत नाहीत' ही ज्येष्ठांची तक्रार या पार्श्वभूमीवर तपासावी लागते. ज्येष्ठांच्या निष्ठेला निवृत्तिवेतनाचा आधार होता. ज्या नोकरीत तो आधार नाही, तेथे अधिक वेतन देणाऱ्या रुग्णालयाकडे जाणे हा चंचलपणा नसून व्यवहार आहे.

खाजगी क्षेत्र व स्थलांतर :

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खाजगी परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयात दरमहा किमान २०,००० रुपये आणि २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन असावे, असे त्यांत म्हटले आहे. तथापि शिफारस ही कायद्याइतकी बंधनकारक नसते. दुसरीकडे, २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला व त्यात परिचर्येचाही समावेश आहे. त्यामुळे उचगावच्या पदवीधर मुलीसमोर आता कोल्हापूर, पुणे आणि परदेश असे तीनही मार्ग खुले आहेत. स्थानिक रुग्णालयाची स्पर्धा केवळ शेजारच्या रुग्णालयाशी राहिलेली नाही.

टिकवणुकीचे उपाय :

१. समान कामास समान सेवाशर्ती. याविना अन्य उपाय वरवरचे ठरतात.

२. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी जाहीर करणे. लहान मुले असलेल्या परिचारिकेला याचा जितका उपयोग होतो, तितकाच पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणीलाही होतो.

३. रात्रपाळीसाठी सुरक्षित वाहनव्यवस्था. महामार्गालगतच्या गावातून ये-जा करणारीसाठी ही चैन नव्हे, नोकरी स्वीकारण्याची पूर्वअट आहे.

४. दुहेरी मार्गदर्शन. रुग्णाच्या चेहऱ्यावरून बिघाड ओळखणे, घाबरलेल्या नातेवाइकांना सावरणे हे ज्येष्ठांकडून शिकावे. संगणकीय नोंदी व नवी उपकरणे कनिष्ठांनी शिकवावीत. यात ज्येष्ठांचा मान राखला जातो आणि कनिष्ठांनाही तो मिळतो.

५. पदोन्नतीची निश्चित वाट. अधिपरिचारिका ते परिसेविका व पुढे अधिसेविका हा प्रवास किती वर्षांत होईल, हे नियुक्तीच्या वेळीच ठाऊक असावे.

६. वयानुरूप कामवाटप. पन्नाशीनंतर रात्रपाळ्या कमी करून प्रशिक्षण व देखरेखीचे काम सोपविल्यास अनुभव वाया जात नाही. मात्र कमी झालेल्या पाळ्यांचा भार तरुणींवर पडू नये यासाठी रिक्त पदे भरलेली असणे आवश्यक आहे.

समारोप :

पहिल्या पिढीला प्रतिष्ठा हवी होती, दुसऱ्या पिढीला सुरक्षितता मिळाली, तर आजची पिढी दोन्ही मागत आहे आणि त्यासोबत स्वतःचा वेळही. या मागण्या परस्परविरोधी नाहीत. पिढ्यांच्या स्वभावाला दोष देऊन सेवाशर्तींतील विषमता झाकली जाते. तिची किंमत अखेरीस, पुरेशा परिचारिकांविना चालणाऱ्या कक्षातील रुग्णाला मोजावी लागते. परिचर्या व समाजशास्त्र या विद्याशाखांनी एकत्रितपणे नोकरी सोडणाऱ्यांची कारणे स्थानिक पातळीवर नोंदविल्यास धोरणाला ठोस आधार मिळेल.