सायकल आपल्या मापाची आहे का?

गुडघा दुखतो म्हणून एखादा शाळकरी मुलगा दवाखान्यात आला, की मी त्याला प्रथम विचारतो, "शाळेत कशाने जातोस?" उत्तर "सायकलने" असे आले, की दुसरा प्रश्न, "सायकल कोणाची?" वडिलांची, थोरल्या भावाची, किंवा पुढच्या तीन-चार वर्षांचा विचार करून घेतलेली, अशी उत्तरे बहुधा मिळतात. घोटीच्या बाजारात मुलाला चप्पल घेताना आपण ती पायात घालून बघतो, बोटे बाहेर येत नाहीत ना हे पाहतो. सायकल मात्र वाढत्या अंगाची घेतली तरी चालते, असा आपला समज आहे. हा समज शरीराला महाग पडतो. योग्य माप घरच्या घरी कसे काढावे, हे आज पाहू.

माप का महत्त्वाचे?

पायडल मिनिटाला ६० वेळा फिरते असे धरले, तर अर्ध्या तासात प्रत्येक गुडघा १,८०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. येण्याजाण्याचे मिळून हा आकडा दुप्पट होतो. सीट फार खाली असेल तर गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकतो, गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि पुढच्या बाजूला दुखू लागते. सीट फार उंच असेल तर प्रत्येक फेऱ्याला पाय ताणावा लागतो, कंबर डावी-उजवीकडे हलते, गुडघ्याच्या मागच्या शिरा आणि कंबर दुखते. आपल्याकडच्या चढउताराच्या रस्त्यांवर, मागे ओझे असताना, हा ताण आणखी वाढतो.

नाशिकचे डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. एवढ्या लांब पल्ल्याचे सायकलपटू सीटचे माप मिलिमीटरमध्ये पाहतात. आपल्याला तितके बारीक पाहण्याची गरज नाही, पण सेंटिमीटरचा हिशेब तरी पाहायला हवा.

आधी पायाचे माप घ्या

सायकलीचे माप वयावर किंवा नुसत्या उंचीवर ठरवू नये. सारख्या उंचीच्या दोघांच्या पायांची लांबी वेगळी असू शकते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, जांघेला घट्ट लागेल इतके वर धरा. पुस्तकाची कड भिंतीला टेकलेली हवी. वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर मोजा. हे झाले तुमच्या पायाचे माप.

दुकानात काय पाहावे?

इंचांचा आकडा ऐकून फसगत होते. मोठ्यांच्या साध्या काळ्या सायकलीला २२ किंवा २४ इंची म्हणतात, तो आकडा फ्रेमच्या उंचीचा असतो. लहान मुलांच्या सायकलीला १६ किंवा २० इंची म्हणतात, तो चाकाचा असतो. म्हणून आकड्यावर विसंबू नका, सायकल मधोमध घेऊन उभे राहा. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकलेले असताना वरची आडवी दांडी आणि जांघ यांच्यात चांगल्या रस्त्यासाठी निदान अडीच सेंटिमीटर आणि कच्च्या रस्त्यासाठी पाच सेंटिमीटर जागा हवी. ही जागा नसेल तर अचानक थांबताना इजा ठरलेली. दांडीतून पाय घालून, कमरेत वाकडे होऊन सायकल चालवणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. पाठीच्या दृष्टीने आणि पडण्याच्या दृष्टीनेही ती सवय वाईट.

मुलींच्या सायकलीला ही आडवी दांडी नसते. तिथे सीट सर्वांत खाली करून मुलीला बसवा. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. हँडल धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली असावीत आणि बोटे ब्रेकपर्यंत सहज पोचावीत. उतारावर ब्रेकला हात पुरला नाही, तर बाकी सारे माप व्यर्थ आहे.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. आठवीतली आणि बारावीतली मुलगी एका उंचीच्या नसतात. अशी सायकल घरी आली की पहिल्याच दिवशी सीट मुलीच्या मापाची करून घ्यावी.

सीट किती उंच ठेवावी?

भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा ठेवा, गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहील. हीच योग्य उंची. आकड्यात हवे असेल तर पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणा. पाय ७६ सेंटिमीटर असेल तर क्रँकच्या मधल्या आसापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत सुमारे ६७ सेंटिमीटर अंतर येते.

या उंचीवर बसल्या जागी दोन्ही तळवे जमिनीला टेकणार नाहीत. ते बरोबरच आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा. जो अजून शिकतो आहे, त्याची सीट मात्र पाय पूर्ण टेकतील इतकी खाली ठेवा आणि तोल आल्यावर हळूहळू वर न्या. सीटच्या दांडीवर मर्यादेची खूण असते, तिच्यावर दांडी ओढू नका. ती मोडू शकते.

सीट पुढेमागे करण्यासाठी गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. दोन्ही पायडल आडव्या रेषेत आणा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पायडलच्या आसाजवळ आला पाहिजे. सीट सपाट ठेवा. तिचे टोक वर असेल तर जांघेत बधिरपणा येतो. टोक खाली असेल तर अंगाचा भार हातांवर येतो, आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट मुंग्या येऊन बधिर होते.

बदल एका वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त करू नका, आठवडाभर चालवून पाहा. वाढत्या मुलांचे पाय दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. माप बरोबर करूनही गुडघा सुजत असेल, अडकत असेल, रात्री दुखत असेल किंवा बधिरपणा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. एरवी एक पाना, एक मोजपट्टी आणि पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. येत्या रविवारी घरातल्या प्रत्येक सायकलीचे माप तिच्यावर बसणाऱ्याच्या पायाशी ताडून पाहा.