कोवळ्या फुफ्फुसांना श्वास हवा, पण मोजून

अडीच-तीन महिने आधी जन्मलेले किलोभर वजनाचे बाळ आणि रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे कोल्हापूरकडे निघालेली रुग्णवाहिका, हे चित्र कोकणवासीयांना अपरिचित नाही. सुमारे १३० किलोमीटरच्या या वाटेवर कित्येकदा हाताने दाबायची अंबू बॅगच बाळाचा श्वास चालवीत असते. ती किती दाबावी, यावर त्या फुफ्फुसांचे भवितव्य अवलंबून असते.

आपली फुफ्फुसे म्हणजे असंख्य सूक्ष्म वायुकोश होत. वायुकोश आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या यांच्यामध्ये अत्यंत पातळ पडदा असतो. त्यातून प्राणवायू सहज जातो; रक्तातील पाणी व प्रथिने मात्र बहुतांशी अडविली जातात. वायुकोश प्रमाणाबाहेर ताणले गेले की या पडद्यातील पेशींचे सांधे सैल होतात आणि प्रथिनयुक्त द्रव आत झिरपू लागतो. यालाच पारगम्यता वाढणे म्हणतात.

हा धोका लहान वयात अधिक का? प्रौढांच्या छातीचा पिंजरा टणक असतो. तो फुफ्फुसांना फाजील फुगू देत नाही. नवजात बाळाच्या बरगड्या मात्र बव्हंशी कूर्चेच्या, मऊ असतात. त्यामुळे तोच दाब दिला तरी कोवळी फुफ्फुसे अधिक फुगतात. अमेरिकेत कार्लटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकरांवर केलेले प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाले. फुफ्फुसे अति फुगविताच प्रथिनांची गळती वाढली. परंतु छाती व पोट बांधून फुगणे रोखल्यावर, दाब तेवढाच ठेवूनही, गळती तशी वाढली नाही. खरा अपराधी दाब नसून ताण आहे, हे त्यावरून दिसले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात आणखी एक उणीव असते. वायुकोश मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ त्याच्याकडे पुरेसा नसतो. झिरपलेली प्रथिने असलेला सर्फॅक्टंटही निकामी करतात. मग फुफ्फुसे ताठरतात, अधिक दाब द्यावा लागतो आणि गळती आणखी वाढते.

म्हणूनच आज व्हेंटिलेटरवरील नवजात बाळाला एका श्वासाला दर किलो वजनामागे साधारण ४ ते ६ मिलिलिटर हवा दिली जाते. किलोभराच्या बाळाला चहाचा एक चमचा! नवजात बाळाच्या अंबू बॅगेत मात्र सुमारे २५० मिलिलिटर हवा मावते. घाबरून ती पुरती दाबणारा हात नकळत इजा करू शकतो. बाळ स्वतः श्वास घेत असेल, तर नाकावाटे सौम्य, अखंड दाब देणारे सीपॅप यंत्र शक्य तेथे आधी वापरले जाते.

याचा अर्थ व्हेंटिलेटरला भ्यावे असा नव्हे. त्याच्यावाचून अनेक बाळे वाचणारच नाहीत. परंतु मुदतीआधी कळा सुरू झाल्यास कुटुंबीयांनी वेळ दवडू नये. ३४ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीची शक्यता दिसताच आईला दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने बाळाची फुफ्फुसे परिपक्व करण्यास मदत करतात. मात्र पूर्ण परिणामास साधारण एक दिवस लागतो. मोठ्या रुग्णालयात हलवायचेच असेल आणि डॉक्टरांच्या मते तेवढा अवधी असेल, तर प्रसूतीपूर्वी आईला हलविणे अधिक सुरक्षित. घाटातील त्या वाटेवर मग बाळाचा श्वास कोणालाही हाताने मोजावा लागत नाही.