वेताळ आणि पाश्चात्य पिशाच्च

आमच्या घरांतील थोरली नात नववींत आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत निजावयाची वेळ टळून गेली तरी तिच्या उशाशीं दिवा जळे. चौकशी करतां हातीं आलें तें स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेचें 'ट्वायलाइट' हें पुस्तक. २००५ सालीं निघालेल्या या कादंबरीला जगभरच्या किशोरवयीन वाचकांनीं डोक्यावर घेतलें. "आजोबा, रागावण्यापूर्वीं वाचून तरी पाहा," असें ती म्हणाली. मागणें न्यायाचें होतें. मीं शब्दकोश जवळ घेऊन पुस्तक संपविलें.

बेला ही सतरा वर्षांची मुलगी फोर्क्स या पावसाळी गांवीं वडिलांकडे राहावयास येते आणि शाळेंतील एडवर्डवर भाळते. हा एडवर्ड रक्तपिपासु पिशाच्च आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत मरणोन्मुख असतां त्याला हें रूप मिळालें. तेव्हांपासून त्याचें वय सतराच. मनुष्याचें रक्त वर्ज्य करून तो जनावरांच्या रक्तावर राहतो. हा निग्रह पाहून मला आशा वाटली होती. परंतु शंभरी ओलांडलेल्या या गृहस्थापाशीं त्या मुलीला सांगण्यासारखें अनुभवाचें फारसें कांहीं नाहीं! शिवाय तो तिच्या नकळत रात्रीं खोलींत शिरून तिला निजलेली पाहत बसतो. आणि हें कळल्यावर ती संतापण्याऐवजीं सुखावते. येथें माझी पुरी निराशा झाली.

आमच्याकडेही प्रेतांत संचार करणारा वेताळ आहे. घाटाखालीं कोंकणांत व गोव्यांत तो ग्रामदेवता म्हणून पूजिला जातो. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें 'कथासरित्सागरां'त त्याच्या कथा गुंफिल्या, आणि १८७० सालीं बर्टन या इंग्रजानें त्या आपल्या भाषेंत आणतांना वेताळाला 'व्हॅम्पायर' हेंच नांव दिलें. पण हा वेताळ राजाला भुलवीत नाहीं, प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिल्यास डोकें फुटेल, अशी त्याची अट.

मीं नातीला मंदारवतीची कथा सांगितली. ती मरण पावल्यावर तिच्या तिघां याचकांपैकीं एक तिच्या राखेवर निजून राहिला, दुसऱ्यानें अस्थि गंगेंत नेल्या, तिसऱ्यानें मंत्र मिळवून तिला उठविलें. ती कोणाची? राजा म्हणाला, मंत्रानें जन्म देणारा पिता, अस्थि नेणारा पुत्र, राखेवर निजलेला तो पति. मीं विजयी मुद्रेनें नातीकडे पाहिलें.

ती म्हणाली, "पण आजोबा, मंदारवतीला कोणीं विचारलें का? बेला चुकत असेल, पण निवड तरी तिची आहे."

तीस वर्षें ही कथा वर्गांत शिकविली, पण हा प्रश्न मला कधीं सुचला नव्हता. मीं गप्प राहिलों. वेताळाच्या शेवटच्या प्रश्नाला राजालाही उत्तर सुचलें नव्हतें. तो गप्प राहिला आणि वेताळ त्यावरच प्रसन्न झाला.

कादंबरीविषयींचें माझें मत बदललेलें नाहीं. मात्र वाचकांस एवढेंच विनवितों कीं, मुलांच्या हातचें असें पुस्तक हिसकावूं नये. स्वतः वाचावें, मग प्रश्न विचारावे, आणि त्यांचेही ऐकून घ्यावे. रात्रीं न विचारतां खोलींत येणाऱ्याला प्रेमी म्हणावें काय, हा माझा प्रश्न नातीनें अजून निकालांत काढलेला नाहीं. ती विचार करीत आहे.