गुंजन पक्ष्यांचे निरीक्षण व छायाचित्रण
गुंजन पक्षी (हमिंगबर्ड) ट्रोकिलिडी कुलातील असून त्यांच्या सु. ३६० जाती फक्त उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळतात. भारतात फुलांवर येणाऱ्या शिंजिरांना पुष्कळदा हेच नाव दिले जाते. परंतु त्यांचे कुल निराळे असून ते बहुधा डहाळीवर बसून मधुरस पितात. हवेत एका जागी स्थिर राहून रस पिणाऱ्या गुंजन पक्ष्यांना परसात साखरपाण्याचे पात्र टांगून जवळ आणण्याचा छंद विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाला.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेस नियमितपणे प्रजनन करणारी जाती एकच, माणिककंठी (आर्किलोकस कोल्युब्रिस). तिचे वजन सु. ३ ग्रॅ. असते. शरद ऋतूत चरबी साठवून हे वजन जवळजवळ दुप्पट होते आणि त्या बळावर पुष्कळ पक्षी मेक्सिकोच्या आखातावरील सु. ८०० किमी. अंतर न थांबता ओलांडतात. त्यामुळे पात्रात काय भरले आहे, हा प्रश्न गौण नाही. एक भाग पांढरी साखर व चार भाग पाणी हे मिश्रण फुलांतील मधुरसाला जवळचे असते. मध घातल्यास त्यात बुरशी व जंतू लवकर वाढतात. गूळ व कच्ची साखर यांतील लोह अपायकारक ठरू शकते. लाल रंग मिसळण्याचे काहीच कारण नाही. पात्राचा एखादा भाग लाल असला म्हणजे पुरे. कडक उन्हाळ्यात द्रव दर दोन दिवसांनी बदलून पात्र गरम पाण्याने धुवावे लागते. हे ज्याच्याकडून होण्यासारखे नाही, त्याने पात्राऐवजी फुलझाडे लावणे इष्ट. पात्र काढले नाही तर पक्षी स्थलांतर करीत नाहीत, हा समज निराधार आहे. स्थलांतराची प्रेरणा मुख्यतः दिवसमानातील बदलामुळे मिळते.

नर पात्राची मालकी सांगून इतरांना हुसकावतो. म्हणून एकमेकांच्या दृष्टिआड दोन-तीन पात्रे टांगतात.

छायाचित्रणातील खरी अडचण पंखांची. माणिककंठीचे पंख सेकंदाला सु. ५० वेळा हलतात. १/१,००० सेकंदाच्या उद्‌भासनातही पंख सु. १५ अंशांतून फिरतो व चित्रात पुसट उमटतो. यावर उपाय क्षणदीप्तीचा. पात्र सावलीत ठेवून प्रकाश केवळ दिव्यांचाच राहील अशी योजना केली व दिव्यांची शक्ती कमी ठेवली, तर दीप्तीचा अवधी १/१०,००० सेकंदाहूनही कमी होतो. विद्युत् अभियंते हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०–४० या दशकात अशी चित्रे घेतली. रासायनिक अभियंते क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांचा या पक्ष्यांवरील सचित्र ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. नराचा कंठ चित्रात कित्येकदा काळा येतो, तो दोष कॅमेऱ्याचा नव्हे. तेथील लाली रंगद्रव्याची नसून पिसांतील सूक्ष्म थरांवरील प्रकाशाच्या व्यतिकरणाने उत्पन्न होते व ठराविक कोनातूनच दिसते. म्हणून एक दिवा कॅमेऱ्याच्या अक्षाजवळ ठेवतात. घरट्याजवळ मात्र दिवे लावू नयेत.

जीभ केशाकर्षणाने रस शोषते, असे दीर्घकाळ मानले जाई. पारदर्शक पात्रांतून घेतलेल्या अतिवेगवान चलत्‌चित्रांनी ते खोटे ठरविले. चोचीतून बाहेर पडताना चपटी झालेली जीभ रसात शिरताच फुगते व पंपाप्रमाणे रस ओढून घेते, हे २०१५ मध्ये दाखविण्यात आले.