कमळ व कुमुद : वर्गीकरणातील स्थान
वरवरच्या साम्यावरून वनस्पतींचे गट पाडणे कसे फसवे ठरते याचे हे बोलके उदाहरण होय. दोन्ही जलवनस्पती, फुले मोठी व पाकळ्या अनेक. म्हणून बेंथॅम व हूकर (१८६२–८३) यांनी त्यांचा समावेश एकाच कमल कुलात केला. तथापि कुमुदाचे पान तळाशी खाचदार असून पाण्यावर तरंगते. कमळाचे पान वाटोळे, अखंड, देठ मध्यावर असलेले व बहुधा पाण्याबाहेर उचललेले असते (विद्यार्थ्यांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत). कमळाची फळे फुगीर पुष्पासनाच्या खळग्यांत सुटी बसलेली आढळतात. डीएनएच्या अभ्यासावर आधारलेल्या १९९८ च्या वर्गीकरणात कमळ काश्मीरातील चिनार वृक्षाच्या गणात, प्रोटिएलीझमध्ये, घालण्यात आले; कुमुद मात्र सपुष्प वनस्पतींच्या अतिप्राचीन शाखांपैकी एकीत राहिले.