पोच केव्हा द्यावी?

प्रयोगशाळेतील यंत्राने रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम मोजावे आणि तो आकडा दुसऱ्या इमारतीतील डॉक्टरांच्या पडद्यावर उमटावा, या दोन घटनांमधील प्रवासाचा कारभार 'मर्थ कनेक्ट'सारखे सॉफ्टवेअर अहोरात्र पाहत असते. त्याच्या मांडणीतील हयगय रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हा रूक्ष विषय सामान्य वाचकानेही समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

१९८७ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या 'एचएल सेव्हन' या प्रमाणपद्धतीत संदेशाची प्रत्येक ओळ तीन अक्षरी संकेताने सुरू होते आणि तिचे रकाने उभ्या रेघांनी विभागलेले असतात : 'पीआयडी'च्या ओळीत रुग्णाचा क्रमांक, नाव व जन्मतारीख, तर 'ओबीएक्स'च्या ओळीत तपासणीचा निष्कर्ष व त्याचे एकक. संदेश मिळाला की स्वीकारणाऱ्याने पोच द्यावयाची. 'एए' म्हणजे स्वीकार, 'एई' म्हणजे चूक, 'एआर' म्हणजे नकार. 'एए' हाती पडताच पाठवणारा तो संदेश निकालात काढतो, आणि सारी मेख येथेच आहे. प्रक्रियेपूर्वीच पोच देण्याची मुभा या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती घेतली आणि पुढे डॉक्टरांकडील संगणक बंद निघाला, तर प्रयोगशाळा निश्चिंत राहते आणि निष्कर्ष मात्र वाटेतच अडकतो. म्हणून एकतर अंतिम स्थळी नोंद झाल्यावरच पोच द्यावी, किंवा पुढल्या टप्प्यावर रांग ठेवून अपयशी संदेश पुनःपुन्हा पाठवला जाईल अशी तजवीज करावी. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण त्यात पाठवणारा ताटकळत नाही; परंतु रांगेवर रोज नजर ठेवणारा जबाबदार माणूस नेमलेला असला पाहिजे. रांगेतील क्रम मोडण्याची सवलत मात्र निष्कर्षांसाठी कदापि घेऊ नये, कारण 'सी' खुणेचा दुरुस्त आकडा आधी पोचून 'एफ' खुणेचा जुना आकडा मागाहून त्यावर बसण्याचा धोका उद्भवतो.

आपल्याकडे लिपीचाही प्रश्न आहे. संदेशाच्या पहिल्या, 'एमएसएच' ओळीच्या अठराव्या रकान्यात युनिकोड यूटीएफ-८ नमूद करून दोन्ही बाजूंची मांडणी त्यास अनुरूप केली नाही, तर 'ज्ञानेश्वर' या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसू शकतात.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना माझी विनंती आहे, की काम ताब्यात घेण्यापूर्वी स्वीकारणारी बाजू मुद्दाम बंद करवून जोडाक्षरी नावाचा एक चाचणी-संदेश पाठवावा, अर्ध्या तासाने ती सुरू करावी, आणि निष्कर्ष डॉक्टरांच्या पडद्यावर स्वतः वाचल्याखेरीज कागदावर सही करू नये.