गावाच्या नावातला सेनापती

एस.टी.च्या पाट्या वाचायची सवय आहे ना तुम्हाला? मग कागल तालुक्यातल्या एका गावाचं नाव वाचून नक्की थबकाल. 'सेनापती कापशी'! चिकोत्रा नदीकाठचं हे गाव. कोल्हापुरी चपलांतला 'कापशी' हा प्रकार याच गावाचं नाव सांगतो. पण गावाला 'सेनापती' हा किताब मिळाला कुठून?

तो आला संताजी घोरपडे यांच्याकडून. औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसला होता. राजाराम महाराज दूर जिंजीच्या किल्ल्यात होते. अशा बिकट वेळी सेनापती संताजींनी मोगलांना सळो की पळो करून सोडलं. १६९५ साली कर्नाटकात दोड्डेरीच्या गढीत त्यांनी कासिमखानाला असं कोंडलं की बादशहाचा हा बडा सरदार तिथंच मेला.

पुढची हकिकत मात्र चटका लावणारी आहे. महाराजांशी बेबनाव झाला आणि संताजींचं पद गेलं. ते धनाजी जाधवांना मिळालं. १६९७ मध्ये संताजी मारले गेले. ज्यानं पद गाजवलं, त्याच्याकडेच ते राहिलं नाही!

आणि गंमत पाहा, पुढे कोल्हापूर संस्थानात कापशीचे घोरपडे पिढ्यान्‌पिढ्या 'सेनापती' म्हणवले गेले. बावड्याचे पंत अमात्य, विशाळगडचे पंतप्रतिनिधी यांचे किताबही असेच वारशानं चालले. शिवाजी महाराजांच्या वेळी असं नव्हतं. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर, हंबीरराव मोहिते हे तीन सरनौबत तीन वेगळ्या घराण्यांतले. काम बघून माणूस नेमायचा, हा महाराजांचा शिरस्ता.

स्पेनमध्ये सरदारकीचे किताब आजही वारशानं मिळतात. २००६ च्या कायद्यापूर्वी तिथं थोरल्या बहिणीला डावलून धाकट्या भावाला किताब मिळायचा! आपल्याकडे १९५० साली संविधान लागू झालं आणि त्याच्या अठराव्या कलमानं सरकारनं असे किताब देणं बंद झालं. १९७१ साली संस्थानिकांची सरकारी मान्यता आणि तनखेही गेले.

कापशीच्या पाटीवर मात्र 'सेनापती' अजून आहे. आता आज आई-बाबांना विचारा, आपल्या आडनावात एखादं जुनं पद दडलंय का? पाटील, देशमुख, कुलकर्णी, सबनीस... असेल तर त्या पदाचं काम काय होतं, तेही विचारून घ्या. आडनाव आयतं मिळतं. काम मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं. खरं ना?